धायटी कुणी लावतं व्हय?

धायटीची रोपं विकत मिळत नाहीत. निदान मला तरी मिळाली नाहीत. पुण्याच्या आसपास जिथे जिथे 'देशी रोपे मिळतील' अशी पाटी दिसली, तिथे थांबून विचारलं. पळस, बहावा, करंज, अर्जुन, काटेसावर हे सगळं असतं, पावसाळ्याच्या तोंडावर तर ढिगानं असतं. धायटी म्हटलं की माणूस आधी विचारात पडतो आणि मग म्हणतो, "त्याचं काय करणार तुम्ही?" एका ठिकाणी "आहे की" म्हणून धावड्याचं रोप हातावर ठेवलं. धावडा हा डिंकाचा मोठा वृक्ष. धायटी हे झुडूप, माणसाच्या उंचीचं, फार तर दीड-दोन माणूस. दोघं एकाच डोंगरावर राहतात एवढंच.

मला ती हवी होती भोर तालुक्यातल्या सासरच्या जमिनीसाठी. जमीन म्हणजे डोंगरउतार. पूर्वी तिथे नाचणी-वरई व्हायची. आता ताली ढासळल्यात, माती वाहून खालच्या ओढ्यात गेलीय, वर मुरूम उघडा पडलाय. पावसाळ्यात कमरेएवढं गवत, फेब्रुवारीत वणवा, मेमध्ये राख आणि दगड. समोरच्या उतारावर मात्र धायटी आहे, आणि माघ-फाल्गुनात तो उतार लाल होतो. आपल्याही उताराला ती हवी असं मी जाहीर केलं, तेव्हा आमचे तात्या, म्हणजे सासऱ्यांचे चुलत भाऊ, मनापासून हसले.

"सूनबाई, धायटी कुणी लावतं व्हय? ती आपसूक येती."

"मग आपल्याकडे का नाही आली?"

"येईल की. घाई काय हाय?"

तात्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्यांच्याच आठवणीत आमच्या उताराला धायटी होती, सरपणाला तोडून नेलेली त्यांनी पाहिली होती, आणि मग ती परत आली नाही. का आली नाही, हे कळायला मला तिचं बी हातात घ्यावं लागलं.

त्याआधी थोडं झाडाबद्दल. ताम्हण, मेंदी आणि डाळिंब ज्या कुळातले, त्याच कुळातली ही. फांद्या लांब, कमानीसारख्या खाली वाकलेल्या. साल पातळ, लालसर तपकिरी, तिचे पापुद्रे सुटतात. पानं समोरासमोर, देठ जवळजवळ नाहीच, आणि पान उलटून पाहिलं तर खालची बाजू करडी, मऊ, तिच्यावर बारीक काळे ठिपके. फुलं नसतानाही या ठिपक्यांवरून ओळख पटते. फुलाचा जो लाल भाग आपल्याला दिसतो तो पाकळ्यांचा नाहीच, निदलपुंजाची, म्हणजे कळीच्या बाहेरच्या आवरणाची, नळी आहे ती, जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब आणि जराशी वाकडी. पाकळ्या नळीच्या तोंडाशी असतात, पण इतक्या चिमुकल्या की शोधाव्या लागतात. बाहेर डोकावतात ते पुंकेसर, बारा. नळीच्या तळाशी मध. आमच्याकडची पोरं शाळेतून येताना फुलं ओरबाडून चोखतात, आणि मीही चोखते.

बी कुठे असतं, हा पहिला प्रश्न. शेंग दिसत नाही, फळ दिसत नाही. एप्रिलमध्ये फुलांचा लाल रंग उतरून विटकरी होतो, मग तपकिरी, आणि झुडूप नुसतं वाळल्या फुलांनी लगडल्यासारखं दिसतं. बघणाऱ्याला वाटतं फुलं करपली. डाळिंबाच्या डोक्यावरचा मुकुट जसा फळ पिकलं तरी गळत नाही, तशीच धायटीची नळीही गळत नाही, आणि फळ तिच्या आतच पिकतं. ती वाळकी नळी अंगठ्याच्या नखानं उभी चिरली की आत एक पातळ भिंतीचं बोंड सापडतं, गव्हाच्या दाण्याहून जरा मोठं. ते चिमटीत दाबलं की तळहातावर तपकीर पडते. तपकीरच, दुसरं काही म्हणता येत नाही. भिंगाखाली धरलं तर एकेक कण गुळगुळीत आणि लांबट दिसतो, म्हणजे बीच. श्वास जरा जोरात सोडला तर तळहात रिकामा.

ते गोळा करायची वेळ नेमकी साधावी लागते. नळी विटकरी असताना बोंड हिरवट, ओलं असतं, आतलं बी कच्चं. नळी पूर्ण वाळून ठिसूळ झाली की बोंड फुटतं आणि बी उडून जातं. मधल्या काही दिवसांत जायचं, आणि तेही वळवाच्या आत, कारण एका वळवात झुडपावर उरलेलं सगळं धुऊन निघतं. मी सकाळी, दंव सुकल्यावर पण वारा सुटायच्या आत जायचे. वाकलेल्या फांदीखाली सुती ओढणी धरायची आणि हातानं ओरबाडून वाळकी फुलं तिच्यात पाडायची. प्रत्येक झुडपाची थोडीच, पण बऱ्याच झुडपांची. एकाच झुडपाची सगळी रोपं केली तर उतारावर एका आईची लेकरं. आणि सगळं मालकीच्या रानातून, बांधाच्या मालकाला विचारून. राखीव जंगलात शिरून बी गोळा करायचं नाही, मग हेतू कितीही चांगला असो.

घरी आल्यावर वर्तमानपत्रावर पसरून सावलीत वाळवणं, पंखा बंद. (या बाबतीत घरच्यांनी मे महिन्यात जे सहन केलं त्याबद्दल वेगळं लिहावं लागेल.) मग हातानं चुरून चहाच्या गाळणीतून गाळायचं. गाळणीतून बीही पडतं आणि भुसाही पडतो, पण भुसा काढायच्या फंदात मी पडत नाही. पेरताना त्याचा त्रास होत नाही.

आता पेरणी. आपल्याला बी पेरणं म्हणजे मातीआड करणं माहीत. धायटीचं बी मातीआड केलं तर उगवत नाही. हे मला कुठल्या पुस्तकातून नाही, घाटरस्त्यानं शिकवलं. पावसाळ्यात गावी जाताना रस्त्याच्या कापलेल्या कडेला, जिथे दरड घसरून ताजी माती उघडी पडलेली असते, तिथे थांबून पाहायची सवय लागली. त्या उभ्या, पाझरणाऱ्या मातीवर शेवाळाच्या शेजारी बोटाएवढी धायटीची पिल्लं उभी असतात. वरच्या सपाटीवर, गवतात एकही नाही. पिल्लांना काय मिळालं होतं? उघडी माती, भरपूर उजेड, सतत ओल पण पाणी साचलेलं नाही, आणि डोक्यावर गवत नाही. या बियात साठवलेलं अन्न नसल्यातच जमा. अंधारातून वर यायला लागणारी शिदोरीच त्याच्याकडे नाही. आमच्या उतारावर पडलेलं बी एकतर गवतात अडकत असणार, नाहीतर मुरमावर वाळत असणार, आणि चुकूनमाकून उगवलं तर पहिल्याच फेब्रुवारीत वणव्यात जात असणार. तात्यांचं 'आपसूक' येण्यासाठी दरड कोसळावी लागते. आमच्याकडे कोसळण्याइतकी माती उरली नाही.

तेव्हा कुंडीत दरड तयार करायची. पसरट कुंडी, तळाला विटांचे तुकडे, वर लाल माती आणि वाळू निम्मी-निम्मी, सगळ्यात वर बोटाच्या पेराएवढा थर चाळलेल्या बारीक मातीचा. शेणखत यात अजिबात नाही, त्यानं बुरशी येते. माती आधी खालून भिजवून घ्यायची. मग बी मूठभर कोरड्या वाळूत मिसळायचं, राजगिरा पेरताना मिसळतात त्याच कारणासाठी, नाहीतर सगळं एका जागी पडतं. चिमटीनं वरून भुरभुरायचं आणि तसंच सोडायचं. वर मातीचा कणही नाही.

पाणी वरून घालायचं नाही. झारीच्या एका फवाऱ्यात बी कुंडीच्या कडेला जमा होतं. कुंडी पाण्याच्या परातीत ठेवायची आणि वरची माती ओली होऊन काळपट दिसली की उचलायची. झाकण म्हणून मी मिठाईचे पारदर्शक प्लास्टिकचे डबे वापरते, तापवलेल्या सुईनं भोकं पाडून. जूनमधली दमट हवा चांगली, पण थेट पाऊस नको आणि पागोळ्या तर नकोतच. आमच्या गॅलरीत पूर्वेचा उजेड येतो, तिथे कुंड्या ठेवल्या.

दोन-तीन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसायला लागतात. पहिले ठिपके शेवाळाचे असतात, त्यावर आनंदून जाऊ नये. भिंग घेऊन बघायचं. ठिपक्याला दोन समोरासमोरची दलं असतील तर ती धायटी. टाचणीच्या डोक्याएवढी दलं, आणि त्यांच्या खालचा देठ केसाहून थोडा जाड. यातून पुढे दोन माणूस उंच झुडूप होणार, यावर विश्वास ठेवणं अवघड जातं.

आणि इथेच सगळ्यात जास्त मरतात. देठ मातीलगत तपकिरी होऊन बारीक पडतो आणि रोप आडवं होतं. सकाळी एका कोपऱ्यात चार पडलेली दिसतात आणि संध्याकाळपर्यंत तो अख्खा कोपरा जातो. रोपवाटिकावाले याला मर म्हणतात. दालचिनीची पूड भुरभुरा असा सल्ला कुणीतरी दिला. भुरभुरली. तिचा उपयोग झाला की नाही मला सांगता येणार नाही, कारण त्याच आठवड्यात मी दिवसा झाकणं काढायला सुरुवात केली आणि पाणी निम्म्यावर आणलं. हवा खेळती झाल्यावर मर थांबली, एवढं नक्की. दाट उगवलेली रोपं काढून विरळही करावी लागतात. जिवंत रोप उपटून टाकताना हात चालत नाही, पण न टाकावं तर सगळीच जातात.

पहिला पावसाळाभर ती वाढतात म्हणजे नुसती असतात. गणपती येतात-जातात, नवरात्र बसतं, आणि रोपं अजून करंगळीच्या पेराएवढी. मातीखाली मुळांचं काम चाललेलं असतं. चार-सहा खरी पानं आली की एकेक रोप पिशवीत हलवायचं. यासाठी दातकोरणं उत्तम. रोपाच्या बाजूनं मातीत खुपसून मुळांसकट उचलायचं, धरायचं ते पानाला, देठाला कधीच नाही. पान चुरगळलं तर दुसरं येतं, देठ दबला तर रोप संपलं. पिशवीत माती आणि त्याच उताराचा मुरूम. खताचे लाड केले तर रोप गुबगुबीत होतं आणि माळावर गेल्यावर पहिल्याच उन्हात मान टाकतं.

हिवाळ्यात पिशव्या गावी नेल्या, तात्यांच्या परड्यात जांभळाखाली रांगेत मांडल्या. पाणी घालायचं काम काकूंनी अंगावर घेतलं, तात्यांनी टोमणे मारायचं. "रानातलं झाड पिशवीत घालून बाळंतिणीवानी जपायचं," हा त्यांतला छापण्याजोगा. मधूनमधून पिशव्या उचलून जागा बदलावी लागते, नाहीतर मुळं बुडाच्या भोकातून जमिनीत शिरतात आणि पुढे लावताना तुटतात. पुढच्या जूनपर्यंत रोपं वीतभर ते हातभर झाली, देठ लाकडाळले, साल सुटायला लागली.

लावणीत विशेष सांगण्यासारखं काही नाही. चांगले दोन-तीन पाऊस होऊन मुरूम आतपर्यंत भिजला की पहारीनं छोटा खड्डा, रोप, आणि उताराच्या खालच्या बाजूला दगडांची अर्धगोल कड, म्हणजे वाहतं पाणी घटकाभर थांबतं. खरं काम दिवाळीनंतर सुरू होतं, गवत वाळायला लागतं तेव्हा. प्रत्येक रोपाभोवतीचं गवत कापून दूर नेऊन टाकायचं आणि सगळ्या तुकड्याभोवती जाळरेषा काढायची, म्हणजे वणवा अडावा म्हणून गवत नसलेला मोकळा पट्टा. पहिल्या उन्हाळ्यात काही रोपं वाळली, तेवढी धरूनच चालावं. गुरांनी मात्र एकाही रोपाला तोंड लावलं नाही. पानांत टॅनिन भरपूर, तुरट लागत असणार.

दुसऱ्या वर्षी जाळरेषा ओलांडून वणवा आत आलाच. कुणी लावला, कसा आला, या चर्चेला गावात अंत नसतो, त्यात मी जात नाही. सगळ्या काटक्या काळ्या झाल्या होत्या. मेच्या शेवटी, पाऊस यायच्या आत, काळ्या बुंध्यांशी लालसर फुटवे दिसले. उशिरा लावलेली, बारीक बुंध्याची बरीच गेली, पण ज्यांचा बुंधा अंगठ्याएवढा झाला होता त्यांतली बहुतेक फुटली, आणि एका काटकीच्या जागी चार-पाच फुटवे घेऊन फुटली. तात्या उकिडवे बसून एक फुटवा बराच वेळ न्याहाळत होते. म्हणाले, "आता ही हलत न्हाई."

यावरून एक गोष्ट बोलायची आहे. पुण्याच्या टेकड्यांवर, आणि आता आमच्या बाजूलाही, गिरिपुष्प लावलेलं दिसतं. ते मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं झाड. ते का लावलं, याची कारणं लोक सांगतात : मुरमावर येतं, गुरं खात नाहीत, तोडलं तरी फुटतं, माती धरतं. चारही गुण धायटीत आहेत. गिरिपुष्पाची फांदी तोडून खोचली तरी झाड होतं आणि वर्षभरात डोक्याच्या वर जातं. धायटीला वर्षभर दातकोरण्यानं सांभाळावं लागतं. ज्यांना दर पावसाळ्यात हजारोंच्या संख्येत आकडे दाखवायचे असतात, त्यांच्या हिशेबात ती बसत नाही. वर ती 'वृक्ष' नाही. वृक्षारोपणात झुडपाला जागाच नसते, जणू डोंगरावर निसर्गानं नुसते वृक्षच ठेवले होते. छाटे लावून धायटीची रोपं लवकर करता येतील का, हे करून बघणाऱ्यांनी जरूर बघावं. मला बियांचीच हवी होती, कारण प्रत्येक रोप वेगळं असतं आणि पुढचा वणवा, पुढचा दुष्काळ कोण सोसणार हे आधी कळत नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात काही झुडपांना फुलं आली. पानगळ झालेल्या फांद्यांवर, जुन्या पानांच्या बगलेत, झुबके. शिंजीर आले, फुलांतला मध पिणारे चिमुकले पक्षी. नळी वाकडी, चोचही वाकडी. नर फांदीवर बसून चोच आत घालतो तेव्हा पुंकेसर बरोबर त्याच्या कपाळाला टेकतात, आणि ते कपाळ घेऊन तो पुढच्या झुडपावर जातो. मधमाश्या दिवसभर असतात, मुंग्याही.

फुलं आली तसे फुलांचे गिऱ्हाईकही आले. आयुर्वेदात ही धातकी. आसवं-अरिष्टं आंबवायला धातकीची फुलं घालतात. दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट, कुटजारिष्ट, कुठलीही बाटली घेऊन मागचं लेबल वाचा, यादीत ती बहुधा सापडेल. आमच्या सासूबाईंनी माझ्या बाळंतपणात दशमूलारिष्ट चमच्यानं मोजून पाजलं होतं, आणि त्यात समोरच्या डोंगरावरची धायटी असते हे त्यांनाही माहीत नव्हतं. ओळखीच्या वैद्यांनी समजावून सांगितलं : काढा गार करून त्यात गूळ आणि फुलं घालायची, भांड्याचं तोंड कापडमातीनं बंद करायचं. फुलांतल्या मधाबरोबर रानातलं यीस्ट येतं, ते गुळावर काम करतं. बाटलीवर जे स्वयंनिर्मित अल्कोहोल लिहिलेलं असतं ते त्यातून तयार होतं. जळती काडी भांड्याच्या तोंडाशी नेली आणि विझली, तर आत काम चालू आहे. जळत राहिली, तर संपलं. मी त्यांना थोडी फुलं देऊ केली तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "धुतली नाहीत ना? धुतलेली मला नकोत."

व्यापाऱ्याला मात्र नकार दिला. वाळवलेली धायटीची फुलं केंद्राच्या गौण वनोपजाच्या हमीभावाच्या यादीत आहेत, डोंगरातल्या बायाबापड्यांना त्यातून चार पैसे मिळतात, त्याला माझी हरकत असायचं कारण नाही. पण गोळा करताना फांदीच्या फांदी ओरबाडली जाते. ज्या झुडपाची सगळी फुलं गेली त्याचं त्या वर्षी बी नाही. समोरच्या उतारावर जाणाऱ्या बायकांशी बोलले. हात पोचतो तेवढी घ्यायची, फांदी वाकवून शेंड्याची घ्यायची नाहीत, असं ठरलं. सगळ्या पाळतात असं नाही. एक मावशी म्हणाल्या, "शेंड्याची ऱ्हाऊ दे, पण मंग भाव कोन वाढवून देनार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता लोक बी मागतात. देते. एक वर्षाचं बी कागदी पाकिटात, कोरड्या डब्यात ठेवलेलं पुढच्या वर्षीही उगवलं, पण विरळ. म्हणून शक्यतो त्याच सालचं पेरावं. ज्यांना हवं त्यांनी एप्रिलच्या आत सांगावं आणि पाकीट मिळालं की ते पंख्याखाली उघडू नये. फ्लॅटच्या गॅलरीत लावायचं असेल तर मेंदी लावा, कुळ तेच आहे. उतार असेल, मुरूम असेल, तर पाकीट माझ्याकडून फुकट. सोबत मिठाईचा डबा तुमचा तुम्ही आणा.